पाळक उपदेशाची तयारी करीत असताना त्यांच्यासाठी प्रार्थना: नेमके काय मागावे आणि केव्हा?

निशिगंध (धाग्याची सुरुवात)

सर्वांना सप्रेम नमस्कार. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, प्रार्थनागटात पाळकांसाठी (पास्टरांसाठी) प्रार्थना नियमित होते, परंतु ती बहुधा त्यांचे आरोग्य, कुटुंब आणि प्रवास यांच्यापुरतीच राहते. उपदेशाचा विषय निघालाच, तर तो रविवारी उपासना सुरू होण्याच्या थोडेसे आधी आणि एकाच वाक्यात: 'प्रभो, आज तुझ्या सेवकाच्या मुखाचा उपयोग कर.' या प्रार्थनेत गैर काहीच नाही. तरीही तोपर्यंत उपदेशाचे बरेचसे भवितव्य ठरून गेलेले असते. कोणता शास्त्रभाग घ्यायचा, त्याचा अर्थ नीट उलगडला की घाईने उरकला, कोणता मुद्दा कठीण म्हणून टाळला, कोणते वाक्य लिहून पुन्हा भीतीपोटी खोडले, हे सगळे आठवड्याच्या मधल्या दिवसांत, मंडळीच्या नजरेआड घडते. नेमक्या त्या दिवसांत आपण उपदेशासाठी काहीच मागत नाही.

तयारीच्या काळातली प्रार्थना हे मंडळीचेच काम आहे, असे माझे मत होत चालले आहे. उपदेश पाळकांचा आणि ऐकणे आपले, अशी सरळ वाटणी मला पवित्र शास्त्रात दिसत नाही. म्हणून जाणकारांना विचारते: तयारी चालू असताना पाळकांसाठी नेमके काय मागावे? आणि जे पाळक हा धागा वाचत असतील, त्यांना स्वतःसाठी कोणती प्रार्थना हवीशी वाटते?

शास्त्रवाचक

निशिगंधताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने स्वतःच देऊन ठेवले आहे, कारण त्याने मंडळ्यांकडे या बाबतीत वारंवार आणि नेमक्या शब्दांत मागणी केली आहे. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात, 19 व्या आणि 20 व्या वचनांत, तो दोन गोष्टींसाठी प्रार्थना करायला सांगतो: तोंड उघडताच शब्द मिळावेत आणि ते धैर्याने बोलता यावेत. हे तो बंदिवासातून लिहितो आहे, हे विशेष. साखळीतून सुटका मागण्याचे निमित्त हाताशी असताना त्याने धैर्य मागितले. कलस्सैकरांस पत्रात (4:3-4) तो आणखी दोन मागण्या जोडतो. एक, वचनासाठी दार उघडावे. आणि दुसरी, ख्रिस्ताचे रहस्य जसे स्पष्ट करून सांगायला हवे तसे आपल्याला सांगता यावे. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (3:1) त्याची नजर वचनाच्या पुढच्या वाटचालीवर आहे: ते वेगाने पसरावे आणि त्याचा गौरव व्हावा.

या मागण्या एकत्र वाचल्या म्हणजे त्यांत काय नाही हेही ध्यानात येते. आपले भाषण प्रभावी व्हावे, लोकांनी वाहवा करावी, गर्दी वाढावी, असे पौल कोठेही मागत नाही. करिंथ येथे आपण अशक्तपणाने, भीत भीत आणि कापत आलो होतो, हे तो करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उघडपणे सांगतो आणि शब्दचातुर्यावर भिस्त ठेवली नाही असेही सांगतो. एवढ्या मोठ्या प्रेषिताला स्पष्टपणा आणि धैर्य यांसाठी इतरांच्या प्रार्थनेची गरज भासत असेल, तर आपल्या पाळकांना ती भासत नसेल असे समजणे धाडसाचे होईल.

आणखी एक प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय चौथा: पेत्र आणि योहान धमक्या ऐकून परत आले आहेत. सगळे जमून प्रार्थना करतात, तीत 'त्यांच्या धमक्यांकडे पाहा' एवढेच देवाला सांगतात आणि लगेच वचन धैर्याने बोलता यावे हे मागतात. येथे प्रार्थना करणारे आणि बोलणारे असे दोन गट उरलेलेच नाहीत.

काठावरचा

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. 'आम्ही प्रार्थना करतो, आत्मा शब्द देईल' या भरवशावर काही उपदेशकांनी अभ्यासच सोडून दिलेला मी पाहिला आहे. विचारले की मत्तय 10:19-20 दाखवतात: काय बोलावे याची काळजी करू नका, त्या घटकेस सुचेल. परंतु तो उतारा छळामुळे अधिकाऱ्यांपुढे उभे केले जाणाऱ्या शिष्यांसाठी आहे; दर सात दिवसांनी, वेळ आणि जागा ठाऊक असलेल्या उपासनेसाठी नाही. मंडळीने तयारीसाठी प्रार्थना करावी, जरूर करावी. मात्र त्या प्रार्थनेत 'पाळकांना बसून अभ्यास करण्याची चिकाटी दे' हे मागणे असावे, अन्यथा आपण आळसाला आशीर्वाद मागत आहोत असे होईल.

शनिवाररात्र

काठावरचा यांचे म्हणणे मला, म्हणजे दर आठवड्याला उपदेश करणाऱ्या एका पाळकाला, पूर्ण मान्य आहे. अभ्यासाला पर्याय म्हणून कोणी माझ्यासाठी प्रार्थना करू नये. आता निशिगंधताईंनी पाळकांना थेट विचारले आहे, तर थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गरज वेळेची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की पाळकाचा आठवडा मोकळा असतो आणि काम रविवारी. प्रत्यक्षात अंत्यविधी, रुग्णांच्या भेटी, समितीच्या बैठका, कोणाच्या घरातील भांडण, यांच्या फटींतून उपदेश लिहिला जातो. यांतले काहीही टाळण्याजोगे नाही आणि खरे तर याच भेटींमुळे उपदेश जमिनीवर राहतो. तरीही एखाद्या आठवड्यात सलग दोन तास मिळणे ही सुद्धा प्रार्थनेची बाब ठरते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहावा, येथे विधवांच्या रोजच्या वाटपाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा प्रेषितांनी तो क्षुल्लक मानला नाही. त्यासाठी सात जण निवडून घेतले आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा यांत तत्पर राहण्याचे ठरवले. त्यांनी प्रार्थना आणि वचन यांची नावे एका दमात घेतली, हे मी स्वतःला वारंवार बजावतो.

दुसरी गरज अधिक नाजूक आहे. शास्त्रभाग हाती घेतला की पाळकाचे डोळे ताबडतोब 'यातून लोकांना काय सांगता येईल' हे शोधू लागतात. वचन आपल्याशी बोलण्याआधीच आपण त्याचे मुद्दे पाडून मोकळे होतो. जुन्या करारातील एज्रा शास्त्र्याविषयी लिहिले आहे (एज्रा 7:10) की त्याने परमेश्वराच्या नियमशास्त्राचा अभ्यास करण्याकडे, ते पाळण्याकडे आणि इस्राएलाला ते शिकवण्याकडे मन लावले होते. अभ्यास, आचरण, मग शिकवणे. मधली पायरी गाळून पहिल्यावरून तिसरीवर उडी मारण्याचा मोह या कामात रोजचा आहे. म्हणून माझ्यासाठी कोणी एकच गोष्ट मागणार असेल, तर ती ही: या आठवड्याच्या वचनाने आधी मला तपासावे.

तिसरी गोष्ट चेहऱ्यांची. लिहिताना समोर माणसे दिसतात. अमुक वाक्य अमक्याला लागेल म्हणून ते मऊ करावेसे वाटते, आणि कधी याच्या उलट, गेल्या बैठकीत ज्याने विरोध केला त्याला टोचेल असे एखादे वाक्य हळूच घुसवावेसे वाटते. दोन्हींपैकी दुसरे अधिक घातक, कारण ते धैर्याचे सोंग घेऊन येते. शास्त्रवाचक यांनी धैर्याबद्दल लिहिले ते योग्यच आहे. त्याच्या जोडीला प्रीती मागावी, नाहीतर व्यासपीठ हिशेब चुकता करण्याची जागा बनते.

आणि सुटसुटीतपणा. ऐकायला फार सुरेख, लोक हसतील किंवा रडतील अशी एखादी गोष्ट सापडते, पण ती त्या शास्त्रभागाची नसते. ती काढून टाकायला धीर लागतो. तयार उपदेश, आता तर यंत्राने क्षणात लिहून दिलेले उपदेशही, हाताशी असताना स्वतः त्या उताऱ्यापाशी थांबून राहायलाही धीरच लागतो. शनिवारी रात्री कागद अर्धा कोरा असतो, तेव्हा कोणीतरी आपले नाव घेऊन प्रार्थना करीत आहे एवढे ठाऊक असले, तरी मी उसना उपदेश उघडत नाही.

अबोली

मनातले विचारते. ज्या पाळकांच्या उपदेशाने मंडळी पोसली जात नाही, किंवा ज्यांचे बोलणे वारंवार दुखावते, त्यांच्यासाठी तयारीच्या वेळी प्रार्थना कशी करावी? मी प्रार्थनेला बसते आणि तिची तक्रार होऊन जाते. 'प्रभो, त्यांना कळू दे' असे म्हणताना त्यांना काय कळावे हे मीच ठरवलेले असते. अशी प्रार्थना करण्यापेक्षा गप्प बसावे असे वाटू लागले आहे.

शास्त्रवाचक

अबोलीताई, गप्प बसू नका. स्तोत्रसंहितेत तक्रारीच्या प्रार्थना मुबलक आहेत आणि देवाने त्या काढून टाकल्या नाहीत. मात्र तक्रार देवापुढे करणे आणि गटप्रार्थनेत, इतरांच्या कानांवर पडेल अशा बेताने, देवाच्या नावाने पाळकांना सुनावणे यांत मोठे अंतर आहे. दुसरा प्रकार प्रार्थनेच्या वेशातली चहाडी होय आणि तो मंडळ्यांमध्ये आपण समजतो त्याहून अधिक चालतो.

मला उपयोगी पडलेली रीत अशी की पाळकांसाठी तेच मागावे जे त्या शास्त्रभागाच्या बाबतीत आपण स्वतःसाठी मागू. 'या उताऱ्यात तू जे म्हटले आहेस ते त्यांना दिसू दे आणि मलाही दिसू दे.' मग कोणाला काय कळावे हे ठरवण्याचा अधिकार आपोआप आपल्या हातून सुटतो. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी तेच असून जमिनी चार प्रकारच्या आहेत, आणि आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिची मशागत पाळकांनी करून द्यावी अशी अपेक्षा ठेवणे बरे नव्हे. बिरुया येथील लोकांनी वचन मोठ्या उत्सुकतेने स्वीकारले आणि पौलाने सांगितलेले तसेच आहे काय याचा दररोज शास्त्रात शोधही केला (प्रेषितांची कृत्ये 17:11). उत्सुकता आणि पारख या दोन्ही तेथे एकत्र नांदल्या. पाळकांसाठी प्रार्थना करणाऱ्याने उपदेश पारखू नये, असे कोठेही सांगितलेले नाही.

एक सावधगिरी स्पष्ट लिहितो. 'दुखावते' याचा अर्थ व्यासपीठावरून कोणाचा अपमान होतो, कोणाची गोपनीय गोष्ट उघड केली जाते, कोणाला धमकावले जाते, असा असेल, तर केवळ प्रार्थना करून थांबू नये. मंडळीच्या वडीलजनांकडे किंवा वरिष्ठांकडे ते साक्षीसह मांडावे. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल असे याकोब लिहितो (3:1), आणि असे मांडणे हाही त्या शिक्षकावरचा उपकार ठरू शकतो.

वाटसरू

मी वेगळ्या परंपरेतला आहे, त्यामुळे थोडी भर घालतो. आमच्याकडे रविवारचे शास्त्रपाठ आधीच ठरलेले असतात. कॅथॉलिक परंपरेत तीन वर्षांचे पाठचक्र आहे आणि अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या 1992 साली प्रसिद्ध झालेले तशाच धर्तीचे सामायिक पाठचक्र वापरतात. याचा प्रार्थनेला होणारा फायदा फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढच्या रविवारी कोणता शुभवर्तमानाचा भाग वाचला जाणार हे मला सोमवारीच ठाऊक असते; म्हणजे फादर ज्या उताऱ्याशी झटत आहेत तोच मी घरी वाचू शकतो, जेथे मला अडते तेथे त्यांनाही अडत असेल असे धरून तेवढ्याच जागी प्रार्थना करू शकतो. ज्या मंडळ्यांत पाळक स्वतः विषय निवडतात, तेथे एवढी सोय नसते. पण शास्त्रभाग आधी जाहीर करण्यात कोणाचे काही बिघडत नाही.

उपासनेच्या ठरीव प्रार्थनांतही या विषयाला जागा आहे. अँग्लिकन परंपरेच्या 1662 च्या सामान्य प्रार्थनापुस्तकातील लितानीत (लोकांच्या प्रतिसादासह म्हटल्या जाणाऱ्या विनंत्यांच्या मालिकेत) बिशप, प्रीस्ट आणि डीकन यांना देवाच्या वचनाचे खरे ज्ञान व समज मिळावी आणि त्यांनी आपल्या उपदेशाने व वागण्याने, दोन्हींनी, ते प्रकट करावे, अशी विनंती आहे. रोमन विधीत शुभवर्तमान वाचण्यापूर्वी धर्मगुरू वेदीपुढे वाकून, हलक्या आवाजात, आपले अंतःकरण आणि ओठ शुद्ध करण्याची प्रार्थना करतात. तिच्यामागे यशया संदेष्ट्याच्या ओठांना निखारा लावल्याचा प्रसंग आहे. लोकांना ती ऐकू येत नाही. तेवढ्या क्षणात आपणही मनात तीच प्रार्थना करू शकतो.

काठावरचा यांच्या मुद्द्याला एक आधार जोडतो. पोप फ्रान्सिस यांच्या 2013 च्या 'एव्हान्जेली गाउदियम' या पत्रात उपदेशाच्या तयारीवर बरीच पाने खर्च केली आहेत. अभ्यास, प्रार्थना, मनन आणि कल्पकता यांना पुरेसा दीर्घ वेळ द्यावा असे ते सांगतात, आणि जो उपदेशक तयारी करीत नाही त्याला आध्यात्मिक म्हणता येत नाही, तो आपल्याला मिळालेल्या दानांशी बेइमानी करतो, इतक्या कडक शब्दांत बजावतात. त्याच्या पुष्कळ आधी, पाचव्या शतकात, हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने सांगितले होते की उपदेशकाने बोलणारा होण्याआधी प्रार्थना करणारा व्हावे. आणि गंमत अशी की हा सल्ला त्याने वक्तृत्वाच्या नियमांची तपशीलवार चर्चा करतानाच दिला आहे. स्वतः वक्तृत्वाचा शिक्षक राहिलेल्या या माणसाला प्रार्थना आणि कसब यांत भांडण दिसले नाही.

रानफूल

साधा प्रश्न. आपण प्रार्थना करीत आहोत हे पाळकांना सांगावे का? सांगितले तर त्यांच्यावर दडपण येईल अशी भीती वाटते.

शनिवाररात्र

अवश्य सांगावे, परंतु थोडक्यात. 'या आठवड्यात तुमच्या तयारीसाठी प्रार्थना करीत आहे' एवढा निरोप पुरतो. उत्तराची अपेक्षा ठेवू नये. दडपण येते ते पुढच्या वाक्याने: 'बघू या रविवारी काय फळ मिळते' किंवा 'मी प्रार्थनेत असताना मला असे दाखवण्यात आले की तुम्ही अमक्या विषयावर बोलावे.' दुसऱ्या वाक्याबद्दल विशेष विनंती. आपला आवडता विषय देवाच्या नावावर खपवणे पाळकांना जितके निषिद्ध आहे, तितकेच ते मंडळीलाही असावे.

आणखी एक, थोडे व्यावहारिक. जो माझ्या अभ्यासाच्या वेळेसाठी प्रार्थना करतो, त्याने त्याच वेळेत तातडीचे नसलेले काम घेऊन फोन न करणे हाही त्या प्रार्थनेचाच भाग आहे. हे हसत लिहितो आहे, पण गंभीरपणे.

जुना नांगर

मी सेवानिवृत्त पाळक. वरची चर्चा वाचून समाधान वाटले. एकच बाजू सुटली आहे असे वाटते, ती म्हणजे सोमवार.

उपदेश संपला की तयारी संपली असे होत नाही. पुढच्या उपदेशाची तयारी त्याच थकव्यातून सुरू होते. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो (1 राजे 19), आणि देव त्याला उपदेश करीत नाही. आधी झोप आणि भाकर देतो, तीही दोनदा. पाळकांच्या बाबतीत सोमवारी हेच मागावे: विश्रांती, भूक, घरच्यांबरोबर निवांत वेळ आणि रविवारी कोण काय बोलले किंवा बोललेच नाही याच्या उजळणीतून सुटका. प्रशंसा आणि मौन, दोन्ही पुढच्या तयारीत विष कालवतात. प्रशंसा झाली तर तीच पुन्हा मिळवावीशी वाटते. मौन मिळाले तर आता काही तरी वेगळे, मोठे करून दाखवावेसे वाटते.

तयारीची वेळ आणि पद्धत प्रत्येकाची निराळी असते, हेही मंडळीने ध्यानात ठेवावे. एकोणिसाव्या शतकातील लंडनचे प्रख्यात उपदेशक चार्ल्स स्पर्जन रविवार सकाळच्या उपदेशाची मांडणी शनिवारी संध्याकाळी करीत आणि रात्रीच्या उपदेशाची रविवारी दुपारी. हे ऐकून तरुण पाळकांनी अनुकरण करू नये. त्यांचे वाचन आठवडाभर अखंड चाले. त्यांच्या मंडळीत सोमवारी संध्याकाळी प्रार्थनासभा भरत असे आणि तिला ते अतिशय महत्त्व देत. उपदेश शनिवारी आकार घेत असे आणि मंडळी सोमवारपासूनच प्रार्थनेला लागलेली असे, याची नोंद निशिगंधताईंच्या गटाने अवश्य घ्यावी.

प्रभूने पेत्रासाठी केलेली प्रार्थनाही या संदर्भात मला आठवते (लूक 22:32). पेत्र आपल्याला नाकारणार हे ठाऊक असताना त्याचा विश्वास ढळू नये म्हणून येशूने आधीच विनंती केली होती. पुढे पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्टच्या सणाला) पेत्राने जो उपदेश केला, त्याची तयारी म्हणायची तर तिथपासून धरावी लागेल. उपदेशकासाठी प्रार्थना करताना कागदावरच्या उपदेशापेक्षा त्या माणसाच्या विश्वासाकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला यातून दिसते.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. गटातील बहिणींशी बोलून आम्ही सध्या असे ठरवले आहे. पाळकसाहेबांना शास्त्रभाग आधी कळवता येईल का, एवढेच विचारायचे. त्यांना ते सोयीचे नसेल तर आग्रह धरायचा नाही. सोमवारी त्यांच्या विश्रांतीसाठी आणि घरासाठी प्रार्थना करायची. आठवड्याच्या मध्यावर जमू तेव्हा उतारा मोठ्याने वाचून, जेथे आम्हाला अर्थ लागत नाही तेथे त्यांना समज मिळावी आणि वचनाने आधी त्यांच्याशी व आमच्याशी बोलावे, हे मागायचे. शनिवारी रात्री प्रत्येकीने आपापल्या घरी स्पष्टपणा, धैर्य आणि प्रीती यांसाठी थोडा वेळ द्यायचा. गटात कोणी उपदेशावर शेरा मारू लागले, तर विषय तेथेच थांबवायचा, हेही अबोलीताईंच्या प्रश्नामुळे ठरले.

अबोली

निशिगंधताई, यात एक भर घालाल का? आमच्याकडे महिन्यातून एखाद्या रविवारी मंडळीतलाच कोणी भाऊ किंवा बहीण उपदेश करते. नोकरी सांभाळून, रात्री जागून ती तयारी होते आणि प्रार्थनेच्या यादीत त्यांचे नाव कधीच नसते. पाळक रजेवर म्हणून त्या आठवड्याची प्रार्थनाही रजेवर जाते. त्या आठवड्यापुरते पाळकांच्या जागी त्यांचे नाव घालावे.